बारदान वजा जाता

२१ नोव्हेंबर १९३७, रविवार. नशिराबाद.

ही वही शाळेच्या हजेरीसाठी आली होती. रेघा वाकड्या निघाल्या म्हणून परत पाठवायची होती, ती मी घरी आणली. वाकड्या रेघेवरही सरळ लिहिता येतं असं पोरांना नेहमी सांगतो, आता स्वतः लिहून बघतो. पहिल्या पानावर नाव घालायची सवय आहे, म्हणून: कौतिक पाटील, हेडमास्तर, मराठी शाळा. घरात तोताराम, वय नऊ. बेबा, वय चार. आणि सौ. वहीत बायकोचं नाव लिहिणं बरं दिसत नाही, पण एकदा लिहून ठेवतो म्हणजे घोटाळा नको: झुंबर. यापुढे सौ.

वही कशासाठी, तर बेबासाठी. भादव्यात तिला हिवताप आला तो दिवाळीपर्यंत येत-जात राहिला. आता पोर उचलली की हाताला हाडंच लागतात. जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ताप गेला, पण होळीपर्यंत अंगावर चार रत्तल चढले पाहिजेत. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ताप आला तर ही पोर टिकायची नाही. तोंडावर सांगितलं.

ही बातमी पारोळ्याला पोचली आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा निरोप हजर. पोरीला वर्षभर आमच्याकडे पाठवा, दारात दोन म्हशी दुभत्या आहेत, मास्तरांच्या घरी पुस्तकं खाऊन पोर जाड होणार आहे का? मला राग आला. बेबाशिवाय हे घर मला सुनं सुनं लागेल हेही खरं. होळीपर्यंतची मुदत मागून घेतली. होळीला पोर काट्यावर चार रत्तल जास्त भरली नाही, तर मेहुणा रुपचंद गाडी जुंपून येणार आणि तिला घेऊन जाणार. असं ठरलं. त्या दिवशी सौ.ने बेबाला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

म्हणून आज सगळ्यांना घेऊन जिनवर गेलो. रविवारी कापसाची यंत्रं बंद असतात, काटा मोकळा असतो. तिथला मापाडी हिलाल हा धुळ्याकडचा, घरची पत्रं माझ्याकडून लिहून घेतो, म्हणून ओळख. तोताराम उडी मारून काट्यावर चढला. अठ्ठेचाळीस रत्तल. बेबाने मात्र ते हलणारं लोखंडी फळकूट पाहिलं आणि आईला जी चिकटली ती सुटेचना. केळं दाखवलं, मग डोळे दाखवले. शेवटी हिलाल म्हणाला, "मास्तर, मायले पोरसंगे बसू द्या. आम्हनं रोजनं काम शे. भरेल गोणी काट्यावर ठेवानी आनि बारदान वजा करानं."

बारदान म्हणजे रिकामं पोतं. गोणीच्या वजनातून पोतं वजा करायचं, उरलं ते कापसाचं. दोघी मिळून एकशेवीस भरल्या. मग सौ. एकटी, शहाण्णव. म्हणजे बेबा चोवीस. होळीला अठ्ठावीस हवेत.

"दर वेळी दोनदा तोलावं लागेल का?" मी विचारलं.

हिलाल हसला. "बारदान एकदाव धरं का हंगामभर तेच. पोतं काय जाडं व्हस का?"

पटलं. मोठ्या माणसाचं वजन ते काय बदलणार? गणिताच्या मास्तराला मापाड्याकडून शिकायला लाज कसली. वहीत लिहिलं: बारदान ९६. गाडीत सौ.ला वाचून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला, म्हणजे हसली असावी.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

तक्ता तयार. वाचनालयातल्या मासिकात आहारावर एक लेख आहे, त्यातलं उतरवून, आपल्या डोक्याने भर घालून, पुठ्ठ्यावर तांबड्या-निळ्या शाईत लिहिला आणि चुलीच्या वरच्या भिंतीवर लावला. सुंदर दिसतो.

चहा आजपासून बंद. सगळ्यांचा, माझाही. चहाने भूक मरते आणि दूध फुकट जातं. शिळं बंद. रात्रीची भाकरी सकाळी चहात बुडवून उभ्या उभ्या खायची वाईट खोड या घरात आहे, सौ.ला. शिळ्यात जीवनसत्त्व उरत नाही, ते गाईला घालावं. साखर बंद, गूळ चालू. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. पीठ रोज मी स्वतः मोजून देणार, कारण लागेल तेवढंच रांधणं आणि कणभर वाया न घालवणं ही नुसती तब्येतीची नाही, धर्माची गोष्ट आहे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, सहा भाकरी एका वेळेला: माझ्या तीन, तोतारामच्या दोन, बेबाची एक. दूध सगळं पोरांना. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात माझं स्वतःचं वाक्य: आपल्या ताटात येणारा घास कोणाच्या तोंडचा काढलेला नसावा.

सौ. तक्त्यासमोर बराच वेळ उभी होती. तिला सावकाश वाचता येतं. मग म्हणाली, "आणि?"

"आणि काय?"

"काही नाही. छान आहे अक्षर."

२८ नोव्हेंबर, रविवार

बत्तीस वेळा चावण्याने जेवण शाळेइतकं लांबतं आहे. तोताराम मोठ्याने मोजतो, एकोणीसवर विसरतो, मग पहिल्यापासून. बेबा भाकरी चतकोर खाते आणि उरलेली आईच्या मांडीवर ठेवून उठते. बेबाने न खाल्लेलं सौ. खाते. वाया जात नाही हे चांगलं.

सौ. म्हणाली, पीठ पुरत नाही. मी म्हटलं, पीठ पुरतं, आपल्याला गिळायची सवय झाली आहे. नीट बत्तीस वेळा चावून खा, अर्ध्या भाकरीत पोट भरतं, असं शास्त्र सांगतं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. तिला शास्त्रात गोडी नाही.

५ डिसेंबर, रविवार

लपवून काय करू, लिहून टाकतो. आज हिलालकडे एक कप चहा घेतला. त्याने समोर आणून ठेवला, नाही म्हटलं तर माणसाला वाईट वाटतं. आल्याचा होता. दीड कप घेतला.

१२ डिसेंबर, रविवार

शेजारच्या वच्छलाबाई सकाळी सल्ला घेऊन आल्या. आमची गाय मोरी वेळेला दीड शेर देते. तीन सडांचं आपण काढतो, चौथा सड वासराचा, ही माझ्या वडिलांपासूनची रीत. वच्छलाबाई म्हणाल्या, मास्तर, लेकरू आजारातून उठलेलं, तो चौथा सडही पिळा की, वासरू चारा खायला लागलं आहे.

मी साफ नाही म्हटलं. तक्त्याचं शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. माझी लेक मला प्यारी आहे, पण मुक्या जिवाचा वाटा ओढून तिच्या वाटीत घालणार नाही. ज्याला मागता येत नाही त्याचा वाटा आपणच आठवणीने बाजूला ठेवायचा असतो. फार चांगलं बोललो. वच्छलाबाई पदर सावरून निघाल्या.

सौ. गोठ्याच्या दाराशी शेणाची पाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "वासराचं नशीब चांगलं."

मी म्हटलं, नशीब नव्हे, न्याय.

१९ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. तोताराम एकोणपन्नास. बेबा आईला घट्ट धरून बसली, दोघी मिळून एकशे एकोणीस. बारदान शहाण्णव वजा जाता तेवीस. एक रत्तल कमी. हिलालला पुन्हा बघायला लावलं, त्याने काटा पुसून पुन्हा पाहिला, तेच. एवढं दूध, एवढी मेहनत, आणि पोर खाली उतरते आहे.

घरी आल्यावर ठरवलं, बेबाला दोन भाकरींचा खुराक. पिठाचं माप तेच, सहाच्या सात लहान भाकरी थापायच्या. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "देते."

२४ डिसेंबर, शुक्रवार

बेबाला भूक लागू लागली आहे असं दिसतं. आज पूर्ण भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली. सौ.ने दिली. दुधाची वाटी चाटूनपुसून ठेवली. दुपारी दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे. मला वाटतं अन्न आत जातं आहे पण लागत नाही. चावणं कमी पडत असेल.

२ जानेवारी १९३८, रविवार

शाळा कमिटीच्या झिपरू नानांच्या मळ्यात काल भरीत-पुरी होती. आधीच ठरवून गेलो, एक पुरी, दोन घास. पण हिरवी वांगी तुरीच्या काड्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल, आणि वाढणारा माणूस ताटाकडे न बघता वाढणारा. नऊ पुऱ्या झाल्या. बत्तीस वेळा चावायचं राहिलं.

रात्री जेवलो नाही. माझ्या तीन भाकरी तशाच राहिल्या. सौ.ला म्हटलं, उद्या गाईला घाल. सकाळी टोपली रिकामी होती, आणि सौ. आज भाकरी थापताना गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी गुणगुणली. सुट्टी तिला मानवली असेल.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.

कासार आला होता. सौ.च्या जुन्या बांगड्या भाकरी थापताना मनगटावरून घसरून पिठात पडतात, म्हणून एक माप लहान भरल्या. कासार म्हणाला, बाईंचा हात उतरला आहे. मी म्हटलं, चहा सोडल्याने अंगातली सूज उतरते, लेखात आहे.

तिळगूळ पोरांना दोन दोन. माझे चार झाले, शाळेत वाटले तेव्हा.

१६ जानेवारी, रविवार

दोघी मिळून एकशे अठरा. बेबा बावीस.

मला संताप आला आणि तो मी सगळ्यांवर काढला. हिलालवर, काट्यावर, तोतारामवर (तो पन्नास भरला म्हणून नाचत होता). सौ.वर सगळ्यात जास्त. म्हटलं, तू तिला माझ्यामागे काही अरबटचरबट देतेस, त्याशिवाय असं होणार नाही. ती म्हणाली, "मी काय देणार? घरात मोजूनमापूनच आहे की सगळं."

परतताना बेबा गाडीच्या मागे धावत आली. जिनपासून ओढ्यापर्यंत. पोर अशक्त असून धावते, मन खंबीर आहे तिचं.

२३ जानेवारी, रविवार

वच्छलाबाई म्हणतात, पोरीचे गाल वर आलेत, मास्तर. झिपरू नाना म्हणतात, पोर टुणटुणीत दिसते. माणसं तोंडावर बरं बोलतात, त्यांना दोष नाही. पण डोळा फसतो, काटा फसत नाही. तिचं परकर-पोलकं तंग झालं आहे, सौ. शिवण उसवत बसली होती. मी सांगितलं, कापड धुऊन आटतं. तिने माझ्याकडे पाहिलं. ती हल्ली अशीच बघते, आणि मी व्याख्यान देत असताना भिंतीला टेकून झोपून जाते. शिकलेल्या माणसाच्या घरी हे बरं दिसत नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

एकशे सोळा. बेबा वीस.

वीस. आजारातून उठली तेव्हा चोवीस होती. चार रत्तल वाढवायचे होते, चार कमी केले. माझ्या तक्त्याने. माझ्या हाताने मोजलेल्या पिठाने. आज शाळेच्या मागे जाऊन रडलो, बऱ्याच वर्षांनी. या पोरीला काही झालं तर मी पुन्हा फळ्यासमोर उभा राहू शकणार नाही.

सौ.ला म्हटलं, मी हरलो, होळीची वाट कशाला बघायची, रुपचंदला पत्र टाकतो. तेव्हा तिने माझा हात धरला. लग्नाला बारा वर्षं झाली, दिवसाउजेडी तिने माझा हात कधी धरला नव्हता. म्हणाली, "नका पाठवू. ती बरी आहे. माझ्या मांडीवर बसते, मला कळत नाही का? जड झाली आहे."

म्हटलं, तुला जड लागत असेल, काट्याला हलकी लागते. तुझं मायेचं माप, त्याचं लोखंडाचं.

"मग लोखंडाचं खरं धरा," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली. पत्र टाकलं नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

विहिरीवर सौ.ला घेरी आली. घागर फुटली, कोपर खरचटलं. वच्छलाबाईंनी घरी आणून सोडलं आणि माझ्याकडे असं बघून गेल्या की जणू घागर मीच फोडली. सौ.ला म्हटलं, ते सोमवारचे उपास कमी कर. ती म्हणाली, "सोमवारी काय वेगळं असतं?" धर्माबद्दल असं बोलायची तिची रीत नव्हे.

दूध तापवून अर्धी वाटी तिला दिलं. तिने बेबाला पाजलं. मी म्हटलं, अगं, ते तुला होतं. म्हणाली, "तक्त्यात नाही."

थट्टा सुचते म्हणजे बरी आहे.

१३ मार्च, रविवार

सावकाश लिहितो.

होळी बुधवारी. रुपचंदचा निरोप कालच आला, मंगळवारी गाडी घेऊन येतो, पोरीचे कपडे बांधून ठेवा. आजचं शेवटचं तोलणं. जिनच्या आवारात पोचलो तेव्हा सौ. उतरून सरकीच्या ढिगाशी सावलीत बसली. म्हणाली, जरा थांबा, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी आणि हिलाल बोलत उभे राहिलो. मी त्याला म्हणत होतो की अठ्ठावीस सोड, वीसच्या वर निघाली तरी मी नारळ वाढवीन.

तेवढ्यात बेबा काट्यावर होती. जिनमधलं मांजर फळकुटावर झोपलं होतं, त्याच्यामागे ती एकटीच चढली. मांजर पळालं, ही तिथेच मांडी घालून बसली आणि हमालांच्या मुकादमासारखी ओरडली, "चालू दे." हिलालने हसत हसत वजनं सरकवली. हसायचा थांबला. पुन्हा सरकवली.

"मास्तर," तो म्हणाला, "पोर तीस भरनी."

मी म्हटलं, काटा बिघडला. त्याने लोखंडाची पाच शेरांची पासरी ठेवून दाखवली, बरोबर. तोतारामला चढवलं, बावन्न. पुन्हा बेबा, तीस. मी आनंदाने पोरीला उचललं. खरंच जड होती. इतके दिवस मी तिला उचलूनच पाहिलं नव्हतं, काट्यावर बघत होतो. तीस रत्तल, डॉक्टरने मागितले त्याहून दोन जास्त. मी हिलालला मिठी मारली असती. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, सरकीच्या ढिगाकडे बघत होता.

"पोर ते भरनी," तो म्हणाला. "मंग एवढा दिन कमी कोन व्हयनं?"

मी गणिताचा मास्तर आहे. एकशे सोळातून बेबाचे खरे वजा करायला मला पाटी लागत नाही. तरी मी म्हटलं, सौ.ला चढव. ती नको म्हणत होती. बेबाने तिचा हात धरून ओढत नेलं, "आई, भीती नाही वाटत, बस." ती बसली. हिलालने वजनं मागे सरकवली, मागे, आणखी मागे, आणि आकडा मोठ्याने न सांगता मला बोलावलं.

चौऱ्याऐंशी.

हिलालने डोक्यावरचं पागोटं काढलं. म्हणाला, "मास्तर, चूक मनी शे. पोतं वाळस नही, माणूस वाळस. हाई मी इसरी गयू."

चूक त्याची नव्हती. मला तिथे सगळ्यांदेखत लाज वाटली, आणि हे लिहितानाही वाटते आहे. तक्त्यात भाकरी सहा. माझ्या तीन, तोतारामच्या दोन, बेबाची एक. बेबा चतकोर खात होती तोवर उरलेली तिची होती. बेबा खायला लागली तशी तीही गेली. सकाळची शिळी भाकरी होती, ती मी गाईला घातली. चहा होता, तो मी बंद केला आणि हिलालकडे जाऊन प्यायलो. घरात खाणारी माणसं चार, हे मी चार महिने रोज सकाळी पीठ मोजताना विसरलो. आणि वासराचा सड मात्र आठवणीने राखला.

गाडीत म्हटलं, "तू बोलली का नाहीस?"

माझ्याशी ती नेहमी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलते. फार राग आला की पारोळ्याचं बोलते. आज बोलली. "काय बोलू? तुम्हना तक्तामा मनं नाव कोठे शे?"

ओढा ओलांडल्यावर शांतपणे म्हणाली, "पीठ पुरत नाही म्हटलं होतं एकदा. तुम्ही चावायला सांगितलं. आणखी बोलले असते तर तुम्ही दिलं असतं, नाही म्हणत नाही मी. पण बेबाच्या वाट्यातलं दिलं असतं. तुमचं माप कुठे वाढणार होतं? आणि ती पारोळ्याला गेली असती. मला भाकरीपेक्षा पोर जवळ हवी होती."

मी म्हटलं, "ठरल्याप्रमाणे ज्याचं वजन वाढलं नाही त्याने पारोळ्याला जायचं. रुपचंद येतोच आहे. तू जा. महिनाभर. बेबाला घेऊन जा. दोन म्हशींचं दूध पी."

"आणि तुमचा स्वयंपाक?"

"मी करीन. हातपाय आहेत मला."

तेव्हा ती हसली. पदर न लावता हसली. "आधी एक दिवस करून दाखवा. मग जाते."

१४ मार्च, सोमवार

शाळेला अर्धी सुट्टी दिली. सौ.ला माजघरात बाजेवर बसवलं आणि उठायचं नाही असं बजावलं. बेबा तिच्या मांडीवर, दोघी बघायला बसल्या.

पीठ नेहमीचं, सहा भाकरींचं. माप बदलायचं डोक्यातच आलं नाही, चार महिन्यांची सवय. चूल पेटवताना डोळ्यांतून पाणी आलं, धुरानेच. भाकऱ्या थापल्या तशा थापल्या. तोताराम म्हणाला, बाबा, ही खान्देशच्या नकाशासारखी झाली आहे, आणि तापी कुठली ते बोटाने दाखवू लागला. वांग्याची भाजी बरी झाली. मिठाला थोडी कमी.

पोरांना वाढलं. तोतारामच्या दोन. बेबा दीड खाऊन उठली, आता ती एवढी खाते. सौ.ला बाजेवरच ताट दिलं. ती म्हणाली, माझं कसं आधी, तुमचं व्हायचं आहे. मी म्हटलं, आज वाढणारा मी. दोन भाकरी तिच्या ताटात घातल्या, दूध वाटीभर, आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिलो. अर्धी वाटी तिने बेबाकडे सरकवली. पकडली. पुन्हा भरून दिली. खाताना ती आधी हळू खात होती, मग भराभर. मला बघवेना, म्हणून तक्त्याकडे बघत राहिलो.

सगळ्यांचं झालं. चूल सारवली. मग माझं ताट घेतलं, पाट मांडला, टोपलीवरचं फडकं उचललं. अर्धी भाकरी होती. कढईला चिकटलेली थोडी भाजी. सकाळपासून मी उभा होतो, पोटात कावळे ओरडत होते, आणि टोपलीत अर्धी भाकरी.

ती ताटात घेतली. बाजेवरून सौ. बघत होती. रागाने नाही. बेबाच्या केसांतून बोटं फिरवत ती अगदी शुद्ध, शाळेतल्यासारखं म्हणाली, "नीट बत्तीस वेळा चावून खा. अर्ध्या भाकरीत पोट भरतं."

खाल्ली. प्रत्येक घास मोजून बत्तीस वेळा.

झुंबर, पोट भरत नाही.